पाळणा अमेरिकेत, आईवडील ‘तात्पुरते’: जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या खटल्याचा अर्थ

५ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ट्रम्प विरुद्ध बार्बरा’ हे प्रकरण सुनावणीसाठी दाखल करून घेतले. आदेश त्रोटक होता. त्यात कारणे नव्हती आणि अशा आदेशात ती देण्याची प्रथाही नाही. तरीही त्या दिवशी न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत असंख्य भारतीय घरांत एकच प्रश्न विचारला गेला असेल: एच-१बी व्हिसावर असलेल्या आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले मूल अमेरिकेचे नागरिक राहणार की नाही?

हा प्रश्न मराठी व्यावसायिकांना परका नाही. २०२४ या वित्तीय वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के अर्ज भारतात जन्मलेल्यांचे होते, आणि पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथून गेलेल्या अभियंत्यांचा त्यात मोठा वाटा आहे. बारसे अमेरिकेत, पासपोर्ट अमेरिकेचा आणि आजी-आजोबा महाराष्ट्रात, ही घडी गेल्या तीन दशकांत इतकी रुळली आहे की तिच्यामागे एक घटनात्मक तरतूद उभी आहे, याचा विसर पडावा. आता त्या तरतुदीचाच अर्थ पणाला लागला आहे. चालू सत्राच्या अखेरीस, म्हणजे २०२६च्या जूनअखेर किंवा जुलैच्या प्रारंभी, निकाल अपेक्षित आहे. तोवर कोणत्या न्यायालयाने काय ठरवले आहे आणि काय ठरवायचे बाकी आहे, हे नीट समजून घेणे हिताचे ठरेल.

आदेशात नेमके काय आहे

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्या कार्यकाळाच्या पहिल्याच दिवशी, २० जानेवारी २०२५ रोजी, कार्यकारी आदेश क्रमांक १४१६० वर स्वाक्षरी केली. या आदेशानुसार दोन प्रकारच्या अपत्यांना जन्माने नागरिकत्व मिळणार नाही. पहिल्या प्रकारात आई देशात बेकायदा राहत असते आणि वडील अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतात. दुसऱ्या प्रकारात आईचे वास्तव्य कायदेशीर पण तात्पुरते असते आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतात. आदेशाच्या तारखेपासून तीस दिवस उलटल्यानंतर जन्मलेल्या मुलांनाच तो लागू होणार होता. आधी जन्मलेल्यांचे नागरिकत्व काढून घेण्याची भाषा त्यात नाही.

सार्वजनिक चर्चा बहुतांशी पहिल्या प्रकाराभोवती फिरली. सीमा ओलांडून आलेली कुटुंबे, बेकायदा स्थलांतर, निवडणुकीतील आश्वासने हेच विषय वारंवार आले. भारतीयांचा संबंध मात्र दुसऱ्या प्रकाराशी आहे. एच-१बीवर नोकरी करणारा, एच-४वर आलेली त्याची पत्नी, एफ-१वर शिकणारी विद्यार्थिनी, एल-१वर बदली होऊन आलेली अधिकारी, हे सारे सर्व नियम पाळणारे, कर भरणारे लोक आदेशाच्या दृष्टीने ‘तात्पुरते’ ठरतात.

या शब्दातला विरोधाभास भारतीयांइतका क्वचितच कोणाला जाणवत असेल. नोकरीच्या आधारावर दरवर्षी सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. परिणामी २०२५च्या अखेरच्या महिन्यांत ईबी-२ आणि ईबी-३ या दोन्ही प्रवर्गांत भारतीयांची रांग २०१३ सालच्या अर्जांपाशी अडकलेली होती. घर घेतलेला, बारा वर्षे एकाच गावात राहिलेला, मुलांना तिथल्याच शाळेत घातलेला माणूस कागदोपत्री तात्पुरता राहतो, तो त्याच्या इच्छेमुळे नव्हे. कायद्याने ठरवलेली मर्यादा आणि तिच्यामुळे वाढत गेलेली रांग हे त्याचे कारण आहे.

जूनमध्ये काय झाले आणि काय झाले नाही

आदेश निघाल्यानंतर तीनच दिवसांनी सिएटल येथील जिल्हा न्यायाधीश जॉन कफनावर यांनी त्याला तात्पुरती स्थगिती दिली. रोनाल्ड रेगन यांनी नेमलेल्या या न्यायाधीशांनी आदेश उघडउघड घटनाबाह्य असल्याचे म्हटले. फेब्रुवारीत मेरिलँड, वॉशिंग्टन, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स येथील चार जिल्हा न्यायाधीशांनी स्वतंत्रपणे मनाई हुकूम काढले. त्यांपैकी तीन हुकूम देशभर लागू होते.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले खरे. पण तेथे त्याने आदेश वैध आहे की नाही, हा प्रश्न विचारलाच नाही. एका जिल्हा न्यायाधीशाला दाव्यात पक्षकार नसलेल्यांनाही संरक्षण देणारा देशव्यापी मनाई हुकूम काढता येतो का, एवढाच प्रश्न त्याने मांडला. २७ जून २०२५ रोजी ‘ट्रम्प विरुद्ध कासा’ या निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा आशय असा: १७८९च्या न्यायव्यवस्था कायद्याने संघीय न्यायालयांना दिलेला अधिकार त्या काळच्या इंग्लिश न्यायपद्धतीला धरून आहे आणि तिच्यात सर्वव्यापी मनाई हुकमाला आधार सापडत नाही. म्हणून फिर्यादीला पूर्ण दाद मिळण्यासाठी जेवढे आवश्यक आहे, तेवढ्यापुरताच हुकूम असावा. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांनी एलेना केगन आणि केटांजी ब्राऊन जॅक्सन यांच्यासह विरोधी मत नोंदवले. जॅक्सन यांनी स्वतंत्र विरोधी मतही लिहिले.

त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या अनेक संदेशांचा सूर मात्र असा होता की, सर्वोच्च न्यायालयाने जन्मसिद्ध नागरिकत्व रद्द केले. ते साफ चुकीचे होते. निकालाने नागरिकत्वाच्या प्रश्नावर एक शब्दही ठरवला नाही. आदेश अमलात आणण्यास तीस दिवसांची वाट पाहावी लागेल, असेही त्यातच नमूद होते. बहुमताने दोन दारे मुद्दाम उघडी ठेवली होती. एक, अनेक पीडितांच्या वतीने चालवला जाणारा प्रातिनिधिक दावा. दोन, प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याखाली एखादा नियम समूळ रद्द करून घेण्याचा मार्ग. त्याबद्दल आपण काही म्हणत नसल्याचे न्यायालयाने तळटीपेत स्पष्ट केले.

त्याच दिवशी पहिल्या दारावर थाप पडली. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रातिनिधिक दावा दाखल झाला आणि १० जुलै रोजी न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी आदेशाचा फटका बसणाऱ्या देशभरातील बालकांचा एक वर्ग तात्पुरता मान्य करून त्यांना मनाई हुकमाचे संरक्षण दिले. २० फेब्रुवारी २०२५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली वा जन्मणारी मुले त्या वर्गात मोडतात. हेच ‘बार्बरा’ प्रकरण. ते नाव खरे नाही. फिर्यादी आईची ओळख उघड होऊ नये म्हणून ते वापरले आहे. पुढे २३ जुलै रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने, तर ३ ऑक्टोबर रोजी पहिल्या सर्किटने एकमताने अन्य खटल्यांत सरकारच्या विरोधात निर्णय दिला. या साऱ्याचा व्यावहारिक अर्थ एकच: आदेश आजवर एकाही बालकाला लागू झालेला नाही.

भारतीय वाचकाला ही देशव्यापी हुकमाची चर्चा काहीशी विचित्र वाटेल. भारतात एखाद्या उच्च न्यायालयाने केंद्राचा कायदा घटनाबाह्य ठरवला, तर त्याचा परिणाम देशभर होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या ‘कुसुम इंगॉट्स’ निकालात म्हटले आहे. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान नियमांतील ‘तथ्यतपासणी कक्षा’ची तरतूद रद्द केली, तेव्हा ती फक्त महाराष्ट्र आणि गोव्यापुरती रद्द झाली असे कोणी मानले नाही. अमेरिकेत मात्र नव्वदहून अधिक जिल्हा न्यायालये आहेत आणि त्यांतील कोणत्याही एका न्यायाधीशाने राष्ट्रीय धोरण थांबवावे का, हा वाद दोन्ही पक्षांच्या सरकारांनी आपापल्या सोयीने घातला आहे.

एका वाक्यांशाची दीडशे वर्षे

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे वळू. १८६८ साली संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीचे पहिलेच वाक्य सांगते की, अमेरिकेत जन्मलेली आणि ‘तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन’ असलेली प्रत्येक व्यक्ती अमेरिकेची नागरिक आहे. १८५७च्या ‘ड्रेड स्कॉट’ निकालाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले होते. यादवी युद्धानंतर तो कलंक पुसण्यासाठी ही दुरुस्ती झाली. सगळा वाद ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या शब्दांचा आहे.

सरकारचे म्हणणे असे की, हे शब्द नुसते कायद्याचे बंधन सांगत नाहीत. अमेरिकेवर पूर्ण निष्ठा असणाऱ्या आणि येथेच कायमचे वसलेल्या लोकांचाच त्यात समावेश होतो. दुरुस्तीचा उद्देश मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या मुलांना नागरिक करण्याचा होता. काही दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांच्या मुलांचा विचार त्यात नव्हता. आधार म्हणून सरकार १८८४च्या ‘एल्क विरुद्ध विल्किन्स’ निकालाकडे बोट दाखवते. त्यात टोळीत जन्मलेल्या मूळनिवासी व्यक्तीला जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारले गेले होते.

विरोधी बाजूचा मुख्य आधार १८९८चा ‘वाँग किम आर्क’ निकाल आहे. वाँग यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोत झाला. आईवडील चिनी होते आणि तत्कालीन कायद्यानुसार त्यांना कधीच अमेरिकेचे नागरिक होता आले नसते. १८९५ साली चीनच्या भेटीवरून परतलेल्या वाँग यांना बंदरातच अडवण्यात आले. चिनी मजुरांवर बंदी घालणारा १८८२चा कायदा त्यांना दाखवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्यांना नागरिक ठरवले. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी १६०८च्या ‘कॅल्विन’ खटल्यापासूनची इंग्लिश परंपरा तपासली आणि अपवाद मोजकेच असल्याचे सांगितले: परकीय राजदूतांची मुले, देश व्यापून बसलेल्या शत्रुसैन्याची मुले, परकीय सरकारी जहाजांवर जन्मलेली मुले आणि टोळ्यांतील मूळनिवासी. मूळनिवासींचा अपवाद १९२४च्या कायद्याने संपला.

दुरुस्तीच्या चर्चेचा इतिहासही विरोधी बाजूला अनुकूल आहे. १८६६ साली सिनेटमध्ये पेन्सिल्व्हेनियाचे एडगर कोवन यांनी आक्षेप म्हणून विचारले होते की, यामुळे चिनी आणि जिप्सी लोकांची मुलेही नागरिक होतील काय. कॅलिफोर्नियाचे जॉन कॉनेस यांनी चिन्यांच्या मुलांबाबत होकार दिला आणि तसेच व्हायला हवे असे म्हटले. म्हणजे परक्यांच्या मुलांचा विचार झाला नव्हता, हे म्हणणे टिकत नाही. विचार झाला आणि विरोध असूनही मजकूर संमत झाला.

आणखी एक मुद्दा कमी बोलला जातो, पण निर्णायक ठरू शकतो. संसदेने १९४०मध्ये आणि पुन्हा १९५२च्या कायद्यात घटनेचेच शब्द उचलून नागरिकत्वाची व्याख्या केली. तेव्हा त्या शब्दांचा प्रचलित अर्थ ‘वाँग किम आर्क’प्रमाणेच होता. अध्यक्षांना कार्यकारी आदेशाने कायदा बदलता येत नाही. त्यामुळे घटनेच्या अर्थाला हात न लावताही, केवळ कायद्याच्या आधारे आदेश रद्द करण्याचा मार्ग न्यायालयापुढे आहे.

‘अधिवास’: मराठी कुटुंबांसाठी खरी मेख

सरकारी युक्तिवादाचे सर्वांत भक्कम टोक ‘अधिवास’ या शब्दात आहे. ‘वाँग किम आर्क’ निकालात आईवडिलांचा अमेरिकेत कायमचा अधिवास असल्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. सरकार म्हणते, तो निकाल तेवढ्यापुरताच घ्यावा: अधिवास असलेल्यांची मुले नागरिक, बाकीच्यांची नाहीत. प्रतिपक्ष म्हणतो, अधिवास ही त्या खटल्यातली वस्तुस्थिती होती, नियमाची अट नव्हती. कारण ज्या इंग्लिश परंपरेवर निकाल उभा आहे तिच्यात वाटेवरच्या प्रवाशाचे मूलही राजाची प्रजा होत असे.

न्यायालयाने सरकारची ही मांडणी मान्य केली असे क्षणभर धरले, तरी एच-१बीधारकांचा प्रश्न तिथे संपत नाही. १९७८च्या ‘एल्किन्स विरुद्ध मोरेनो’ या खटल्यात आंतरराष्ट्रीय संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या जी-४ व्हिसावरील मुलांच्या शिक्षणशुल्काचा वाद होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, संघीय कायदा जी-४ व्हिसाधारकाला अमेरिकेत अधिवास स्थापण्यापासून रोखत नाही. संसदेने काही व्हिसांसाठी ‘मायदेशी असलेले घर सोडण्याचा हेतू नसावा’ अशी अट घातली आहे, काहींसाठी घातलेली नाही, हा फरक न्यायालयाने महत्त्वाचा मानला. विद्यार्थी आणि पर्यटक पहिल्या गटात मोडतात. एच-१बीधारकांना मात्र १९९०च्या कायद्याने त्या अटीतून मुक्त केले. व्हिसा तात्पुरता असतानाच ग्रीन कार्डासाठी अर्ज करण्याची त्यांना उघड परवानगी आहे. व्यवहारात ज्याला ‘दुहेरी हेतू’ म्हणतात तो हाच.

याचा अर्थ असा की, अधिवासाची कसोटी खरोखर लावली तर कार्यकारी आदेशाची रेघ त्या कसोटीशी जुळत नाही. आदेश एच-१बी आणि पर्यटक व्हिसा यांना एकाच पंक्तीला बसवतो. बारा वर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असलेले जोडपे आणि दोन आठवड्यांच्या सहलीवर आलेले जोडपे यांत तो फरक करत नाही. दुसरीकडे हेही लक्षात घ्यावे लागेल की, मधला मार्ग म्हणून न्यायालयाने व्हिसागणिक भेद केला, तर एच-१बीवरील पालक सुटतील आणि एफ-१वरील विद्यार्थी-पालक अडकतील. समाजाच्या आतच ही दरी पडेल.

शंभर वर्षांपूर्वीची आठवण

अमेरिकेतील भारतीयांनी नागरिकत्वाचा खटला पूर्वीही लढवला आणि हरला आहे. फेब्रुवारी १९२३मध्ये ‘अमेरिका विरुद्ध भगतसिंग थिंड’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे ‘गोरे’ नसल्याने नागरिकत्वास अपात्र असल्याचे ठरवले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्या थिंड यांचे नागरिकत्व गेले आणि पाठोपाठ आधी नागरिक झालेल्या इतर भारतीयांवरही सरकारने दावे लावले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही असाच दावा झाला. ते स्वतःसाठी लढले आणि १९२६ साली नवव्या सर्किटमध्ये जिंकले. त्यानंतर अशा कारवाया थंडावल्या. भारतीयांना नागरिकत्वाचे दार पुन्हा उघडले ते थेट १९४६ साली.

या इतिहासातील एक बाब आज विशेष महत्त्वाची आहे. आईवडिलांना नागरिकत्व नाकारणाऱ्या त्या काळातही त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले नागरिकच होती. १८९८च्या निकालाने वंशद्वेषाच्या ऐन भरातही पुढच्या पिढीचा हक्क शाबूत ठेवला होता. पालकांच्या दर्जावरून मुलाचा दर्जा ठरू नये, हे तत्त्व एवढ्या कठोर काळात टिकले.

जग कोणत्या दिशेने गेले

सरकारच्या समर्थकांचा एक मुद्दा खोटा नाही: अनेक लोकशाही देशांनी बिनशर्त जन्मसिद्ध नागरिकत्व सोडून दिले आहे. ब्रिटनने ते १ जानेवारी १९८३पासून बंद केले; तेथे आईवडिलांपैकी एक नागरिक किंवा कायम निवासी असावा लागतो. ऑस्ट्रेलियाने १९८६ साली, न्यूझीलंडने २००६ साली तीच वाट धरली. आयर्लंडने २००४ साली सार्वमत घेऊन घटना बदलली. आखातात जन्माने नागरिकत्वाची कल्पनाच नाही. दुबईत वा मस्कतमध्ये जन्मलेल्या मराठी मुलांना हे सांगायला नको.

भारतही याला अपवाद नाही. २६ जानेवारी १९५०पासून ३० जून १९८७पर्यंत भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण जन्माने भारतीय होता. १ जुलै १९८७नंतर आईवडिलांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले आणि ३ डिसेंबर २००४पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अटही जोडली गेली. जो समाज अमेरिकेत जन्मसिद्ध हक्काची अपेक्षा करतो, त्याने मायदेशाचा कायदा कोणत्या बाजूला झुकला आहे, हेही ध्यानात ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल.

मात्र या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. बदल झाला तो संसदेच्या कायद्याने किंवा जनतेच्या मताने. कोठेही राष्ट्रप्रमुखाने एका स्वाक्षरीने तो केला नाही. अमेरिकेत तर हा हक्क घटनेत लिहिलेला आहे आणि घटना बदलण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आणि तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. धोरण म्हणून जन्मसिद्ध नागरिकत्व योग्य की अयोग्य, हा एक प्रश्न. ते बदलण्याचा अधिकार कोणाला, हा दुसरा. न्यायालयासमोर दुसरा प्रश्न आहे.

निकाल कोणत्या रूपात येऊ शकतो

चार शक्यता ठळक दिसतात. पहिली, न्यायालय घटनेच्या आधारे आदेश रद्द करील आणि ‘वाँग किम आर्क’ची फेरपुष्टी होईल. मग वाद कायमचा मिटेल. दुसरी, न्यायालय केवळ १९५२च्या कायद्यावर बोट ठेवून आदेश रद्द करील. त्याने आजचे संकट टळेल, पण उद्या संसदेने कायदा बदलला तर घटनेचा प्रश्न पुन्हा उभा राहील. तिसरी, अधिवासाची कसोटी मान्य करून काही पालकांची मुले वगळली जातील. चौथी, आदेश संपूर्ण वैध ठरेल. खालच्या न्यायालयांतील निकालांचा कल, जुना पायंडा आणि इतिहास पाहता पहिल्या दोन शक्यतांकडे पारडे झुकलेले आहे. तरीही सहा-तीनच्या न्यायालयाबाबत खात्रीची भाषा वापरणे धाडसाचे होईल. प्रकरण दाखल करून घेतले म्हणजे न्यायालय सरकारशी सहमत आहे, असाही अर्थ काढू नये. एवढ्या मोठ्या प्रश्नावर अंतिम शब्द त्यालाच द्यावा लागणार होता.

तिसरी किंवा चौथी शक्यता खरी ठरली, तर घराघरांत काय बदलेल? आईवडील दोघेही भारतीय नागरिक असतील तर मूल देशहीन होणार नाही. भारतीय कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या अशा मुलाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करता येते. त्याच्याकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांनी लिहून द्यावे लागते. ओसीआय कार्डाऐवजी भारतीय पासपोर्ट येईल. पण अमेरिकेतील त्याचे स्थान पालकाच्या नोकरीला बांधले जाईल. नोकरी गेल्यावर एच-१बीधारकाला नवी नोकरी शोधण्यासाठी कमाल साठ दिवसांची मुभा असते. ती टांगती तलवार बाळाच्या डोक्यावरही येईल. रांग पुढे सरकली नाही, तर एकविसाव्या वर्षी पालकांच्या अर्जातून बाहेर पडण्याची जी वेळ आज भारतात जन्मलेल्या मुलांवर येते, ती अमेरिकेत जन्मलेल्यांवरही येईल. ज्या देशाखेरीज दुसरा देश पाहिलेला नाही, तेथेच व्हिसा मागण्याची ही वेळ असेल.

झळ केवळ स्थलांतरितांना बसेल असेही नाही. आज जन्मदाखला हाच नागरिकत्वाचा पुरावा आहे. उद्या प्रत्येक प्रसूतीनंतर आईवडिलांचा दर्जा तपासावा लागेल. पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकन असलेल्या कुटुंबालाही आपली कागदपत्रे काढून दाखवावी लागतील.

तोवर

सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचा भार टाकणाऱ्या घोषणेलाही कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन डी.सी. येथील न्यायालयांत आव्हान दिले गेले आहे. तेथेही जूनच्या निकालाने उघडे ठेवलेले दुसरे दार, म्हणजे प्रशासकीय कार्यपद्धती कायदा, उपयोगात येत आहे. म्हणजे पुढील काही महिने व्हिसाधारकांच्या आयुष्याशी निगडित बातम्या न्यायालयांतूनच येत राहतील. अशी प्रत्येक बातमी वाचताना तीन गोष्टी आधी पाहाव्यात: न्यायालय कोणते, प्रश्न कोणता आणि आदेश अंतरिम की अंतिम. जूनमधला गोंधळ या तीन प्रश्नांनी टळला असता.

आज कायदा स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२५नंतर जन्मलेल्या मुलांना मनाई हुकमाचे संरक्षण आहे, जन्मदाखला मिळतो, पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. निकालाची वाट न पाहता ही कागदपत्रे वेळेवर करून घेणे आणि पालकांच्या त्या वेळच्या व्हिसा-दर्जाचे पुरावे जपून ठेवणे, एवढी खबरदारी कोणत्याही कुटुंबाला घेता येईल. व्यक्तिगत अडचणीसाठी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला पर्याय नाही.

वाँग किम आर्क हे मोठे विद्वान नव्हते, श्रीमंतही नव्हते. ते स्वयंपाकी होते. बोटीवर अडकलेल्या त्या तरुणाचा एकच आग्रह होता: मी येथे जन्मलो आहे. सव्वाशे वर्षांनंतर नऊ न्यायमूर्तींना तेच वाक्य पुन्हा ऐकायचे आहे. या वेळी ते ज्यांच्या वतीने उच्चारले जाईल, त्यांच्यात अजून बोलताही न येणारी असंख्य भारतीय बाळे असतील.